आबांच्या पखवाजावरचे फणीचे दात

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी 2005 साली झालेल्या अखंड हरिनाम सप्ताहाचे चित्रीकरण चुलत्यांनी मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर केले होते. त्या पाच कॅसेटींमधील निवडक भाग यंदाच्या सप्ताहाच्या चित्रीकरणाला जोडून वीस मिनिटांची फिल्म करावी, असे घरी ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. पहिली कॅसेट मी एका स्टुडिओतून फाइलच्या रूपात उतरवून आणली. ती संगणकावर लावताच दिसले की आबांचा पखवाजावरचा हात वेगाने हलू लागला, की त्याच्या कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा येत होत्या. आबा थांबले, की चित्र पुन्हा स्वच्छ.

आपल्याकडच्या जुन्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असत, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत टिपली जाई. 576 ओळींपैकी एकाआड एक 288 ओळी आधी आणि उरलेल्या 288 ओळी एक पन्नासांश सेकंदानंतर. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या रचनेला इंटरलेस्ड. जुना काचेचा टीव्ही ही फील्ड एकामागून एक दाखवत असल्यामुळे डोळ्याला काही खटकत नसे. आजचा पडदा मात्र संपूर्ण फ्रेम एकदम उभी करतो आणि तेवढ्या अवधीत पुढे सरकलेला हात दोन ठिकाणी, एकाआड एक ओळींत दिसतो.

हे दात काढण्याच्या प्रक्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात. मी ती त्या फाइलवर करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. स्टुडिओने दोन्ही फील्ड वेगळी न करताच चित्राचा आकार 1080 ओळींपर्यंत वाढवला होता. त्यामुळे 576 ओळींच्या दोन सरमिसळ फील्डांचे वाढीव आकारात असे कालवण झाले होते, की कोणती ओळ कोणत्या क्षणाची हे सांगण्याची सोयच उरली नव्हती. आधी डीइंटरलेसिंग, मग आकारवाढ, हा क्रम उलटला तर पुढचे कोणतेही फिल्टर ते सुधारू शकत नाही.

म्हणून कॅसेटी परत घेतल्या, फायरवायर पोर्ट (असा कॅमेरा केबलने जोडण्याची जागा) असलेला एक जुना संगणक मिळवला आणि स्वतःच त्या उतरवून घेतल्या. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो आणि फाइल सुमारे 13 जीबीची होते. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर सुरू राहिला, पण कॅमेऱ्याचा अडॅप्टर त्या लाइनवर नव्हता, त्यामुळे ती पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली.

आता फिल्मची टाइमलाइन, म्हणजे संपादनात तुकडे ओळीने जोडण्याची पट्टी, सेकंदाला 25 फ्रेमची ठेवली आणि दात गेले, परंतु पावली खेळणाऱ्या टाळकऱ्यांची हालचाल अडखळत होती. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधील एकच फील्ड ठेवून दुसरे टाकून देत होते, म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाला टिपलेल्या 50 क्षणांपैकी 25 वाया जात होते. ते मला पटेना. मी एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या बीडब्ल्यूडिफ या डीइंटरलेसिंग फिल्टरने प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून घेतली आणि टाइमलाइन 50 ची केली. यंदाच्या 25 फ्रेमच्या चित्रीकरणाला त्याचा त्रास नाही, कारण तिथे प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते एवढेच.

पण टाळकरी आता चमत्कारिक थरथरू लागले. एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिल्यावर कळले की पाऊल तीन टप्पे पुढे आणि एक टप्पा मागे जात होते. जणू पावली त्या चित्रालाच चढली होती. कारण होते फील्डचा क्रम. एचडी इंटरलेस्ड चित्रीकरणात वरचे फील्ड, म्हणजे सर्वांत वरच्या ओळीपासून सुरू होणारे, आधी असते; या कॅसेटींच्या डीव्ही पद्धतीत मात्र खालचे. मी एचडीच्या सवयीने वरचे फील्ड आधी असे ठरवून दिले होते. ते बदलताच सर्व सुरळीत झाले. ही चूक 25 च्या टाइमलाइनवर लपून राहिली होती, कारण तिथे एकच फील्ड वापरले जात होते.

नंतर आकार वाढवला. 4:3 चे चित्र 1440 गुणिले 1080 होते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणावे, असा आग्रह घरात झाला. आबांचा चेहरा रुंद करायला मी तयार नव्हतो.

एक गोम मात्र नव्या चित्रीकरणातच निघाली. भावाच्या कॅमेऱ्याच्या काही फायलींवर इंटरलेस्ड असे लेबल होते, म्हणून सॉफ्टवेअर त्यांचेही आपणहून डीइंटरलेसिंग करत होते आणि भगव्या पताकांच्या कडा मऊ पडत होत्या. वेगाने हलणाऱ्या टाळांवर फ्रेम थांबवून पाहिली, तर दात नव्हतेच. आत 25 पूर्ण फ्रेमच होत्या, फक्त त्या दोन फील्डांत विभागून साठवलेल्या होत्या. त्या फायलींना हाताने प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेम एकदम टिपलेल्या, असे ठरवून दिले आणि पताका पुन्हा रेखीव झाल्या. तेव्हापासून लेबलावर विसंबण्याऐवजी मी आधी चित्र थांबवून पाहतो.

सगळे जुळल्यावर आबांचा तो तुकडा 25 आणि 50 अशा दोन्ही प्रतींत शेजारी शेजारी लावून पाहिला. 25 च्या प्रतीत एका ठिकाणी हात पखवाजाच्या वर दिसतो आणि पुढच्या फ्रेममध्येही तो वरच आहे. कणीक लावलेल्या डाव्या पुडीवर थाप पडते तो क्षण टाकून दिलेल्या फील्डमध्येच होता.