जुन्या मॅसीला लोडरची लिव्हर बसवताना

आमचा मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर जुना झाला असला, तरी इंजिन ठणठणीत आहे. म्हणून तो विकण्यापेक्षा पुढे लोडर बसवून शेणखत आणि साखर कारखान्याची मळी (उसाच्या रसाचा गाळ) ट्रॉलीत भरण्याचे काम त्याच्याकडून घ्यावे, असे आम्ही ठरवले. लोडरचा सांगाडा, बकेट आणि सिलिंडर तयार करून मिळतात. खरा विचार करावा लागतो तो सिलिंडरना दाबाचे तेल कोठून द्यायचे याचा.

टिपिंग ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक लिफ्टच्या पंपावर चालतो, मग लोडर का चालू नये, असे बहुतेकांचे म्हणणे होते. मॅसीच्या बाबतीत मला ते पटले नाही. या ट्रॅक्टरचा चार पिस्टनांचा पंप मागच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेला असून तो पीटीओच्या (मागच्या अवजारांना फिरती ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो, आणि त्याचा कंट्रोल वॉल्व्ह तेल ओढण्याच्या बाजूला आहे. म्हणजे लिफ्टची लिव्हर वर घेतल्याखेरीज पंप तेल ओढतच नाही. याउलट बाजारात सहज मिळणारा दोन लिव्हरचा वॉल्व्ह ओपन सेंटर असतो, ज्यात लिव्हर मध्यावर असतानाही तेल अखंड वाहून टाकीत परतावे लागते. शिवाय लिफ्टचे तेल गिअरबॉक्सचेच असल्यामुळे सिलिंडरच्या दांड्यावरून आत गेलेली माती आणि पाणी थेट गिअर-बेअरिंगपर्यंत पोहोचते.

म्हणून क्रँकच्या पुलीला कपलिंग लावून रेडिएटरखालून शाफ्ट पुढे काढला आणि त्यावर फेऱ्याला १६ घनसेंटिमीटर तेल देणारा गिअर पंप बसवला. इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना तो मिनिटाला २४ लिटर तेल देतो. बूमचे, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हाताचे, दोन सिलिंडर ६५ मिलिमीटर बोअरचे आणि ५०० मिलिमीटर स्ट्रोकचे असल्याने पूर्ण उचलायला सुमारे साडेतीन लिटर तेल लागते, म्हणजे बूम आठ-नऊ सेकंदांत वर जातो. मळी भरायला एवढा वेग पुरेसा आहे.

वॉल्व्ह उजव्या हाताला, बसल्या जागेवरून कोपर न ताणता पोहोचेल असा लावला, कारण डावा हात स्टिअरिंगवरच राहतो. लिव्हर मागे ओढली की बूम वर आणि पुढे ढकलली की खाली, अशी रचना ठेवली. ती आणखी पुढे ढकलली की खटका बसून फ्लोटमध्ये जाते, तेव्हा सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात आणि बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप सरकते. फ्लोट नसलेला वॉल्व्ह स्वस्त मिळत होता, पण खळे सपाट करताना त्याची उणीव जाणवली असती. बकेटची लिव्हर उलट चालू लागली, तेव्हा तिच्या दोन होजची (तेलाच्या नळ्यांची) अदलाबदल केली.

ठरावीक दाबापुढे तेल टाकीत सोडून देणारा रिलीफ वॉल्व्ह मात्र प्रेशर गेज लावूनच जुळवून घेतला. मिस्त्री म्हणाले, “दादा, थोडं प्रेशर वाढवून देतो, दगडसुद्धा उचलेल.” १५० बारला एक बूम सिलिंडर सुमारे ५ टनांचा जोर देतो, त्यापुढे गेल्यास सिलिंडर टिकतीलही, पण जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल आणि किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या पिना) टिकणार नाहीत, म्हणून मी १४० वरच थांबवले. हवा काढण्यासाठी दोन्ही लिव्हर रिकाम्या बकेटनेच पुरत्या पुढे-मागे केल्या, तेव्हा टाकीतील पातळी बरीच खाली आली आणि ६८ ग्रेडचे तेल पुन्हा भरावे लागले.

गळती शोधताना होजवरून हात फिरवू नये. बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीत घुसते आणि जखम लहान दिसली, तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. आम्ही पुठ्ठा धरून पाहिले, तेव्हा बूमच्या वळणावर एक होज सांगाड्याला घासत असल्याचे आढळले. तिला स्प्रिंगचे कवच चढवले. मागे लिफ्टला वजन टांगल्याखेरीज भरलेली बकेट उचलायची नाही, हे ठरलेले आहे, तरीही स्टिअरिंग जड होतेच. पॉवर स्टिअरिंग याच पंपावर जोडता येईल का, हे पाहण्याचे काम अजून बाकी आहे.