एक कप करायला किती वेळ लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चाकावर म्हणाल तर चार मिनिटं.

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. गोव्याला जाताना सावंतवाडीत थांबलेले लोक विचारतात, शनिवारच्या वर्गाला येणारी मुलं विचारतात, आणि पहिल्या दिवशी शेजारच्या काकींनी दारातूनच विचारलं होतं, "एक कप करूक किती येळ लागता गो चेडवा?" कित्येकांच्या मनात खरा प्रश्न किमतीचा असतो. कप साडेचारशे रुपयांचा आहे आणि समोर चार मिनिटांत मातीच्या गोळ्याचा कप झालेला त्यांनी नुकताच पाहिलेला असतो. त्यांचं काही चुकत नाही. चाकावरचं काम दिसतं, बाकीचं दिसत नाही. ते बाकीचं आज सांगते.

आधी माती. आमच्या भागातली कुंभारी माती मडक्यांना, शेगडीला, पणत्यांना उत्तम, पण ती साधारण नऊशे अंशांच्या आसपास भाजायची माती आहे. माझी भट्टी १२४० अंशांपर्यंत जाते. तेवढ्या आचेत ही माती आधी फुगते, मग बसते. म्हणून कपाची माती मला बाहेरून गोणींतून आणावी लागते: चिनी माती, बॉल क्ले ही चिकट माती, आणि फेल्डस्पार, क्वार्ट्झ या दगडांची पूड. ती भिजवून, गाळून, प्लॅस्टरच्या लादीवर सुकवून महिनाभर तरी झाकून ठेवते. मुरलेली माती हाताला वेगळी लागते, ताणली तर तुटत नाही. मग मळणं. कणकेसारखं मळणं नाही, कारण कणीक मळताना आत हवा गेली तरी बिघडत नाही. इथे हवेचा एक बुडबुडा राहिला की चाकावर बोटाखाली गाठ लागते आणि भिंत वाकडी जाते.

एका कपाला साडेतीनशे ग्रॅम माती. चाकावर तो दहा सेंटिमीटर उंच केला तर भट्टीतून पावणेनऊच्या आसपास बाहेर येतो, म्हणजे सगळ्या प्रवासात माती बारा टक्के आक्रसते. मी चाकावर जो कप पाहते तो विकायचा कप नसतोच, त्याच्यापेक्षा थोराड असतो. सुरुवातीची दोन वर्षं माझे चहाचे कप एस्प्रेसोचे होऊन निघायचे, तेव्हा हे आकडे अंगात भिनले.

दुसऱ्या दिवशी कप चामड्याइतका घट्ट होतो. तेव्हा तो उलटा करून बूड खरवडायचं आणि कान लावायचा. कपाचा कान ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. मातीची वळी ओल्या हाताने ओढत ओढत लांबवायची, गाईचं दूध काढताना हात चालतो तसा हात चालतो. मग कपावर आणि कानावर चरे पाडून, पातळ मातीचा लेप लावून दाबायचा. कप आणि कान यांचा ओलावा सारखा असला तरच ते एकमेकांना धरतात. कप अर्धा सुकलेला आणि कान ओला असेल तर सुकताना कान जास्त आक्रसतो आणि सांध्यावर केसाएवढी चीर पडते. ती तेव्हा दिसत नाही. तीन आठवड्यांनी दिसते.

इथून पुढे माझं काम संपतं आणि पाण्याचं सुरू होतं. मला विचाराल तर कपाचा वेळ हाच आहे.

मातीतलं पाणी घाईने गेलं तर काठ आधी सुकतो, बूड मागे राहतं आणि कप फाटतो. म्हणून कप प्लॅस्टिकखाली ठेवायचे, रोज थोडा वेळ उघडायचे, परत झाकायचे. डिसेंबर-जानेवारीत हे सहा-सात दिवसांत होतं. जुलैत तीन आठवडेही पुरत नाहीत. सावंतवाडीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, इथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पापड मऊ पडतात, दारं फुगून लागेनाशी होतात. अशा हवेत मातीतलं पाणी जाणार कुठे?

कप सुकला की नाही हे कळण्यासाठी मी तो गालाला लावते. गार लागला तर आत पाणी आहे. हवेच्याच तापमानाचा वाटला तर झाला. यंत्र मिळतं, पण गालाइतकं ते मला खरं वाटत नाही. गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून ते थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले आणि कच्चं मडकं कोणतं ते ओळखलं. मी चाकावर बसायला लागल्यावर त्या गोष्टीकडे कुंभाराच्या नजरेने पाहू लागले. भाजलेलं भांडं बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणतं, चीर असलेलं बद्द वाजतं. भट्टी उघडल्यावर आजही मी प्रत्येक कप आधी वाजवते, मग पाहते.

पहिल्या पावसाळ्यात मी घाई केली होती. एका होमस्टेसाठी साठ कप द्यायचे होते, तारीख ठरलेली होती, आणि गालाला गार लागणारे कप मी "होईल काहीतरी" म्हणून भट्टीत ठेवले. शंभर अंशांना पाण्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट लागते. रात्री साडेआठला भट्टीतून पहिला आवाज आला, नारळ फुटल्यासारखा. मग दुसरा. मी आच बंद केली आणि जमिनीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी एकवीस कपांचे तुकडे काढले, आणि त्या तुकड्यांनी शेजारच्या कपांचे काठ तोडले होते ते वेगळेच. होमस्टेच्या मालकिणीला फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत द्या." त्या दिवसापासून जून ते सप्टेंबर मी कोणालाही तारीख देत नाही. पुष्कळ कामं यामुळे हातची जातात, आणि ती जाऊ देते.

पहिली भाजणी, जिला आम्ही बिस्क म्हणतो, ९८० अंशांची. पहिले तीन-चार तास आच अगदी मंद ठेवायची. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना एकदम बदलते आणि ते फुगतात, थंड होताना त्याच अंशाला आवळतात. चढताना आणि उतरताना तिथे धीराने जावं लागतं. दहा तास भाजणी आणि पुढचा अख्खा दिवस निवणं.

मग ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून कपावर काच होणारा लेप. कप बादलीत बुडवून काढायला तीन सेकंद पुरतात, पण बादलीत काय आहे ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. काकींच्या न्हाणीघरात अजून चूल आहे. काजूची लाकडं, नारळाच्या करवंट्या, झावळ्या असं काय काय त्यात जळतं, आणि त्या दर पंधरा दिवसांनी डबाभर राख मला आणून देतात. राखेत चुना असतो आणि बाराशे अंशांच्या वर तो बाकीच्यांना वितळवतो. राख भिजवून तीन वेळा पाणी बदलायचं, हातमोजे घालून, कारण ते पाणी कातडी जाळतं. मग चाळायची. राख, फेल्डस्पार आणि थोडी चिनी माती, एवढंच माझं हिरवट ग्लेझ आहे. कपाच्या काठाशी ते पातळ होतं आणि खाली ओघळून कानाच्या मुळाशी थेंबासारखं साचतं. कोणत्या आठवड्याच्या राखेतून कोणता हिरवा येईल हे मला आधी कळत नाही.

दुसरं ग्लेझ त्याच कुंभारी मातीचं, जी माझ्या आचेला टिकत नाही. जी माती मडकं म्हणून वितळून बसते, तीच कपावर पातळ लेप दिला की वितळून काळपट तपकिरी काच होते. रंग लोहाचा. आपल्या घराघरातल्या लोणच्याच्या बरणीचा वरचा तपकिरी भागही लोहाचाच. ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आजीची बरणी फडताळातून काढून बराच वेळ हातात धरून बसले होते. अंगण तांबडं करणारं आणि बरणी तपकिरी करणारं हे एकच लोह आहे, या गोष्टीने मला या कामात बांधून ठेवलं.

शेवटची भाजणी गॅसवर, पहाटे पाचला सुरू करून दुपारी चार-पाचपर्यंत. एका भट्टीला १९ किलोचे दोन सिलिंडर जातात आणि सत्तर-ऐंशी कप बसतात. आत मातीचे छोटे सुळके उभे असतात, त्यांना कोन म्हणतात. ठरलेली आच पुरेसा वेळ लागली की ते वाकतात. थर्मामीटर नुसती उष्णता सांगतो, कोन माती शिजली का ते सांगतो. मग भट्टी बंद, आणि दीड दिवस हात लावायचा नाही. हा दीड दिवस मला आजही जड जातो.

मी पहिल्यांदा चाकावर बसले ती चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या ग्रामोदय संघात, आणि पुढे ज्यांच्याकडे शिकले त्या बाई पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेल्या. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या त्या जागेतून देशातले कितीतरी स्टुडिओ कुंभार घडले. बाई एक कप चाकावर झाला की तारेने उभा चिरायच्या आणि भिंत वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची आहे का ते दाखवायच्या. पहिले पाचशे कप चिरून परत मळायचे, असा त्यांचा नेम. ते पाचशे मी चिरले. त्यांचा वेळ कोणत्या कपाच्या हिशेबात धरायचा, हे मला कधी ठरवता आलेलं नाही.

आता तुम्हीच बेरीज करा. मळणं, चाक, बूड, कान, घासणं, ग्लेझ, तळ पुसणं असं माझ्या हाताचं काम पंचवीस मिनिटांचं. दिवस मात्र हिवाळ्यात पंधरा आणि पावसात तीसच्या वर. तीस कप केले तर सव्वीस विकण्याजोगे निघतात. चिरलेल्या चारांत पुदिना लावते.

मुंबई-पुण्यात हे काम जास्त पैशाला विकलं जाईल, असं मला हितचिंतक सांगतात, आणि ते खरं आहे. पण तिथे मला वातानुकूलित खोलीत कप सुकवावे लागतील आणि राख विकत घ्यावी लागेल. इथल्या चितार आळीत, लाकडी खेळण्यांच्या गल्लीत, अजूनही लाकडाला लाख चढते, आणि राजवाड्यात गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवायच्या जुन्या पत्त्यांची, पानं रंगतात. त्या लोकांत कोणी "अजून झालं नाही?" असं विचारत नाही, कारण त्यांनाही रंगाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. अशा गावात राहून काम केलं की वाट पाहण्याची लाज वाटत नाही.

सध्या फळीवर बावीस कप आहेत. त्यांतला एक काकींसाठी, त्यांच्याच राखेच्या ग्लेझचा होणार आहे. केला त्याला आज सोळा दिवस झाले. त्या रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारतात, "सुकलो गो?" आजही विचारलं. मी कप उचलून गालाला लावला. अजून गार आहे.