आधी घर लहान करा

पावसाळ्यात मधमाश्यांची पेटी अशक्त झाली की जो तो सांगतो, साखरपाक घाला. पाक लागतोच. पण मला विचाराल तर तो नंतर, आधी माश्यांचं घर लहान करायचं.

मुलुंडला आमच्या गच्चीवर सातेरीची, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीची, पेटी आहे. आत आठ लाकडी चौकटी, एकेका चौकटीत एकेक पोळं. जून लागेपर्यंत करंज, जांभूळ फुलून गेलेले असतात. नारळाचा आधार बारा महिने, पण संततधारेत माशी बाहेरच पडू शकत नाही. मग आतला मध संपत जातो, राणी अंडी घालणं आवरतं घेते, म्हाताऱ्या माश्या मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. ऑगस्टमध्ये झाकण उघडलं तेव्हा जेमतेम तीन पोळ्यांवर माश्या होत्या. बाकीची पोळी उघडी पडलेली, एकाच्या कोपऱ्यात पोळं खाणाऱ्या मेणकिड्याची पांढरी जाळी.

पिल्लाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्या-कोषांना, ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते आणि ती माश्या स्वतःच्या अंगाने देतात. मूठभर माश्यांनी आठ चौकटींचं घर उबदार कसं ठेवायचं? रिकाम्या पोळ्यांवर पहाराही नसतो, म्हणून मेणकिडा तिथेच शिरतो.

उघडीप बघून, अगदी थोड्या धुरात काम उरकलं. सातेरीला फार छेडलं तर ती घरच सोडून जाते. मधाचा वरचा मजला उतरवला. किडलेलं पोळं वितळवलं, चांगली रिकामी पोळी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवली. थंडीने किड्याची अंडीही मरतात. माश्या असलेली तीन पोळी एका कडेला घेऊन शेजारी आड फळी लावली, म्हणजे घर तेवढंच उरलं, आणि दार एकदोन माश्या जातील एवढंच ठेवलं. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेतच.

पाक त्यानंतर. साखर आणि पाणी सारखंच, संध्याकाळी, पेटीच्या आत. थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही, नाहीतर दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटायला येतात आणि अशक्त वसाहतीला ते झेपत नाही.

खरा हात दिला तो वसईच्या एका दादांनी. त्यांच्या दणकट पेटीतली पिल्लाव्याची एक चौकट त्यांनी माश्या झटकून दिली. म्हणाले, "ताई, उघड्या अळ्या नेऊ नका. त्यांना भरवायला तुमच्याकडे माश्या कुठायत? बंद कोषांचीच न्या, त्यांना फक्त ऊब पुरते." चौकट घेण्याआधी आम्ही पिल्लावा नीट तपासला. पिशवीसारखी फुगून मेलेली एकही अळी नको. १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूरोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या, ते विसरून चालत नाही.

टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेल्या त्या चौकटीतून थोड्याच दिवसांत माश्या कोषांची टोपणं कुरतडून बाहेर येऊ लागल्या. फिकट, केसाळ, पाय अजून लटपटणारे. या कोवळ्या माश्याच अळ्यांना भरवतात, त्यामुळे राणीनेही जोर धरला. दारात पायांवर पिवळे परागगोळे घेतलेल्या माश्या दिसल्या तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. पराग येतोय म्हणजे आत बाळं आहेत.

आता ऑक्टोबर आहे. बोरी फुलल्यात, कुंपणावरचा आइसक्रीम वेल गुलाबी झालाय आणि माश्या पाच पोळ्यांवर आहेत. शेवटचं पोळं दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलं की मगच फळी सरकवून पुढचं देते. आणि शेजाऱ्यांनो, यंदा दिवाळीत मध मागू नका, तो त्यांनाच ठेवणार आहे.