प्रियोरात: वेल शंभरीची, पेल्यातली वाइन कुणाची?

प्रियोरातमध्ये कुणी "दहा मिनिटांची चाल" म्हणालं, तर तासाभराचा हिशोब धरा. आणि "जुन्या वेलींची वाइन" म्हणालं, तर पैसे काढायच्या आधी विचारा: कुठल्या बागेतली? फक्त त्याच बागेतली? आम्ही यातलं काहीच विचारलं नाही.

प्रियोरात हा वाइनचा प्रदेश स्पेनमध्ये, कॅटलोनियातल्या तारागोनामागच्या डोंगरांत आहे. बार्सिलोनाहून आर-१५ गाडीने मार्सा-फालसेतला उतरायचं. स्टेशन फालसेत गावाच्या बाहेर आहे, टॅक्सी आधी सांगून ठेवा. पहिले दोन दिवस स्काला देईच्या बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष बघण्यात आणि खाण्यापिण्यात गेले. छान गेले, पुढे काही सांगण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी ग्रातायोप्स गाव. माणशी ४५ युरो भरून "शंभर वर्षांच्या वेलींची भेट आणि एकाच बागेची रेड वाइन" असं बुकिंग केलं होतं. मी आणि माझा मेव्हणा. सप्टेंबर संपत आलेला, तोडणी चालू. जीपने एका वळणावर सोडलं. वाटाड्याने खाली बोट दाखवलं आणि तेच वाक्य टाकलं, दहा मिनिटं.

सह्याद्रीतला घसारा ज्याने उतरलाय त्याला अर्धं चित्र कळेल. पण तिथे माती, मुरूम, गवताचं बुडखं तरी असतं. इथे नुसत्या दगडी पाट्या. स्थानिक लोक या काळ्या-तपकिरी पाटीच्या दगडाला लिकोरेल्या म्हणतात. हाताने मोडेल इतका पातळ, उन्हात तव्यासारखा तापलेला. पाय ठेवला की खण्णकन आवाज करून चारपाच पाट्या एकदम खाली निघतात, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही. नव्या बागांना यंत्राने पायऱ्या काढल्या आहेत. जुन्या बागा थेट उतारावर, 'कोस्टेर'वर. काही ठिकाणी उतार ६० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे आडवं १०० मीटर गेलात की ६० मीटर खाली. ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. नांगरणी खेचराने, तोडणी हाताने.

बूट चांगलेच हवेत, ते सांगायला नको. काठी मात्र घ्याच. पाय सुट्या पाट्यांवर टाकू नका, वेलीच्या बुंध्याच्या वरच्या अंगाला टाका, तिथे जमीन धरून असते. आणि वेलीला हात लावू नका. मेव्हणा घसरला आणि त्याने एक फांदी पकडली. वाटाड्या जीव खाऊन ओरडला. नंतर कळलं, वेलीसाठी.

"दाजी, मी खाली गेलो असतो तर याला चाललं असतं," मेव्हणा म्हणाला.

वेल पाहिल्यावर मला ते पटलं. मांडव नाही, तार नाही. गुडघ्याएवढी उंची, मांडीएवढा पिळलेला बुंधा, मधोमध पोकळ, आत मूठ सहज जाईल. जमिनीलगत कलमाची गाठ स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा नावाच्या किडीने इथल्या बागा खाल्ल्या आणि नंतरची लागवड अमेरिकन खुंटांवर झाली, त्याची ती खूण. कॅरिन्येना जातीची ही वेल. घड मोजले: पाच, तेही बारके. अशा वेलीला जेमतेम किलोभर द्राक्षं येतात. मुळं दगडाच्या फटींतून पाणी शोधत खोल जातात. बाटली महाग का, हे तिथे उकिडवं बसल्यावर एका मिनिटात कळतं. ही भेट ४५ युरोंना स्वस्त आहे, असं मी तेव्हा मोठ्याने म्हणालो. तेच नडलं.

वर आल्यावर चव. वाइन गडद, दमदार, १५ टक्के अल्कोहोल. त्या चढणीनंतर मला नळाचं पाणीही थोर वाटलं असतं, त्यामुळे माझं कौतुक जरा कमी धरा. मेव्हण्याने बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं, द्राक्षाच्या चार जाती: गार्नाचा, कॅरिन्येना, काबर्ने सोव्हिन्यो, सिरा. काबर्ने आणि सिरा या भागात रुजल्या त्या मुख्यतः १९८० च्या दशकापासून. मग शंभर वर्षं कुठून आली? उत्तर मिळालं, "त्या बागेची थोडी द्राक्षं यातही आहेत." खऱ्या एकल बागेच्या वाइनचे पेल्याला ३० युरो वेगळे. दिले. ती वाइन खरी होती: आंबटपणा धारदार, मागे ओल्या दगडाचा वास, आणि घोट गेल्यावरही तोंडात बराच वेळ राहणारी. पण ७५ युरो आधीच सांगा ना.

तेव्हा बुकिंगच्या आधी लेखी विचारा: पेल्यात येणारी बाटली एकाच बागेची आहे का, बागेचं नाव काय, लागवडीचं साल कोणतं. नुसत्या "जुन्या वेली" या शब्दांना बहुतेक देशांत कायद्याने ठरलेलं वयच नाही. प्रियोरातच्या नियमांत मात्र आहे: ७५ वर्षं किंवा १९४५ च्या आधीची लागवड. लेबलावर तसं अधिकृतपणे लिहिलंय का, ते बघा. साल सांगताना समोरचा अडखळला तर उठा. पोबोलेदा गावात १९०२ च्या लागवडीची वाइन सालाच्याच नावाने विकतात. ज्याच्याकडे खरंच आहे तो असं सांगतो.

गाडी चालवणाऱ्याने चाखलेली वाइन थुंकायचं भांडं वापरायला लाजू नये. अल्कोहोलची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि इथले रस्ते वळणांचेच आहेत. बाग सकाळीच करा, दुपारी तो दगड भाजून काढतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या. आणि उतरताना मान वळवून वर बघत जा, कारण जीप खाली येत नाही.