वणीवाला दारूबंदीसाठी भांडला, मी विरोधात

विदर्भातल्या कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धा ज्यांनी केल्यात त्यांना पद्धत माहीत असेल. एका कॉलेजातून दोघंच जातात, एक अनुकूल बोलतो आणि दुसरा प्रतिकूल. कोणी कुठली बाजू घ्यायची हे दोघं आपसात ठरवतात, म्हणजे ज्याला जे पटतं ते तो घेतो आणि उरलेलं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्या सरांनी आपसात काही ठरूच दिलं नाही.

विषय होता, ‘संपूर्ण दारूबंदी हाच व्यसनमुक्तीचा खरा मार्ग आहे.’ मी चंद्रपूर जिल्ह्यातली. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला विधानसभेच्या अधिवेशनावर बायांचा पायी मोर्चा गेला होता, त्यात माझी आई होती. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी ठराव केले, आंदोलनं झाली, आणि शेवटी १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्धा आणि गडचिरोली आधीच कोरडे होते, आता आम्हीही. आमच्या घरात हा विषय वादाचा नव्हताच.

माझा जोडीदार यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. मध्ये वर्धा नदी. अलीकडे बंदी, पलीकडे सगळं सुरू. त्याचा मामा तिथल्या एका परमिट रूममध्ये मॅनेजर होता आणि एप्रिल २०१५ नंतर मामाला रविवारची सुट्टी कशी मिळेनाशी झाली हे तो फार रंगवून सांगायचा. बंदी हा शुद्ध बावळटपणा आहे असं त्याचं ठाम मत. सरांनी यादी वाचली: अनुकूल तो, प्रतिकूल मी.

मी भांडले. सर म्हणाले, “तुला जे पटतं ते तू झोपेतही बोलशील. त्याला माझी कशाला गरज?”

पहिला आठवडा भाषण लिहायचंच नाही अशी अट होती. त्याऐवजी दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं आपलं खरं मत सांगायचं आणि दुसऱ्यानं ते लिहून परत वाचून दाखवायचं. मत सांगणाऱ्यानं “हो, मला हेच म्हणायचं होतं” असं म्हणेपर्यंत कागद पुढे सरकायचा नाही. जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडतात आणि मगच तो खोडतात, तसलंच काहीसं. सरांना संस्कृतची आवड होती. आम्हाला नव्हती, त्यामुळे सुरुवातीला कंटाळाच आला.

त्याचं म्हणणं मी पहिल्यांदा लिहिलं ते असं: “पिणाऱ्याला प्यायचीच असते, म्हणून बंदी नको.” तो म्हणाला, हे मी कधी म्हटलं? खरंच नव्हतं म्हटलं. मीच त्याच्या तोंडी घातलं होतं, कारण ते खोडायला सोपं होतं. त्याचं खरं म्हणणं वेगळं होतं. दारू दुकानात मिळते तेव्हा तिला वेळ असते, किंमत असते, बाटलीवर लेबल असतं आणि विकणाऱ्याला परवाना जायची भीती असते. बंदीनं दारू जात नाही, ह्या चार गोष्टी जातात. हे कागदावर नीट उतरल्यावर मी बराच वेळ नुसती बघत बसले. याला माझ्याकडे उत्तर होतं ते एवढंच, की आमच्या आया-बहिणींनी काय भोगलं ते तुला काय माहीत. स्पर्धेत यावर टाळ्या पडतात. पण हे उत्तर नाही.

त्याची अवस्थाही काही बरी नव्हती. माझं म्हणणं त्यानं आधी ‘भावनिक मुद्दा’ म्हणून एका ओळीत गुंडाळलं होतं. मग मी त्याला मजुरीच्या दिवसाचं गणित सांगितलं. पैसे हातात पडतात त्या जागेपासून घरापर्यंतच्या वाटेवर दुकान असणं आणि नसणं यात फरक असतो. पक्क्या दारुड्याला तो फरक पडत नाही. अधूनमधून घेणाऱ्याला आणि अजून सुरुवात न झालेल्या पोराला पडतो. नदी ओलांडून वणीला कोण जातो? ज्याच्याकडे गाडी आहे तो. बंदी व्यसन सोडवत नसेल, पण नवीन लागणं अवघड करते. हे त्यानं लिहून घेतलं आणि म्हणाला, “हे तू आधी का नाही सांगितलं?” खरं तर हे इतकं सुटं करून मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग वाचन. ग्रंथालयात १९४९ चा दारूबंदी कायदा काढला. तेव्हा कळलं की कागदावर अख्ख्या महाराष्ट्रातच दारू प्यायला परवाना लागतो. परमिट रूमला परमिट रूम का म्हणतात हे मॅनेजरच्या भाच्यालाही तोवर माहीत नव्हतं. संविधानाचं कलम ४७ सगळ्यांनाच पाठ असतं, ते अनुकूल बाजूचं हुकमी पान. राज्यानं मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असं ते सांगतं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. आणि त्याच कलमात पोषण आणि सार्वजनिक आरोग्यही आहे, ज्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. हे मला प्रतिकूल बाजूला वापरता येण्यासारखं होतं, आणि खरंही होतं.

विषारी दारूचा मुद्दा मात्र मी टाकून दिला. जोडीदारानं सुचवलं होतं की मालवणी घे, जून २०१५, शंभरावर माणसं मेली. पण मालवणी मुंबईत आहे आणि मुंबईत बंदी नाही. जिथं दुकानं उघडी आहेत तिथंही गरीब माणूस स्वस्तातलं विष पितोच, असं उलट त्यातून निघतं. अहमदाबादचं २००९ चं प्रकरण घेता आलं असतं, गुजरात राज्य झाल्यापासून कोरडं आहे. पण एकाच प्रकारच्या दुर्घटना दोन्हीकडे घडत असतील तर त्या कुठल्याच बाजूच्या नाहीत. स्पर्धेत निम्म्याहून अधिक वक्ते मालवणी बोलले, दोन्ही बाजूंचे.

पोलिसांच्या गुन्ह्यांच्या आकड्यांचंही तेच. आमच्याकडे ‘पासष्ट ई’ हा शब्द तेव्हा पोरासोरांच्या तोंडी होता, अवैध दारूच्या केसचं ते कलम. केसेस वाढल्या हे दोन्ही बाजू सांगायच्या. एक म्हणायचा, बघा तस्करी वाढली. दुसरा म्हणायचा, बघा पोलीस कामाला लागले. २०१८ च्याच नोव्हेंबरात नागभीडकडे दारूच्या गाडीनं एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडून मारलं होतं. सगळा जिल्हा हादरला होता. ते मी भाषणात घेतलं नाही. घेतलं असतं तर सभागृह गप्प झालं असतं हे मला कळत होतं, पण माझ्याच बाजूवर माझा विश्वास नसताना त्या माणसाचं मरण वापरायला मन होईना.

आईला सांगायचं राहिलं होतं. दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती तांदूळ निवडत होती. “बोल नं मंग,” ती म्हणाली, “पण खोटं नको सांगू.” आणि मग बोलता बोलता तिनं जे सांगितलं ते मला कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात मिळालं नसतं.

ती म्हणाली, दुकान होतं तेव्हा आम्हाले माहीत होतं कोणासमोर जाऊन बसायचं. दुकानाला दार होतं, मालकाचं नाव होतं. आता कोणाच्या दारात बसू? पव्वा कोणाच्या दप्तरातून येते, कोणाच्या न्हाणीत लपते, कायी समजत नाही. विकणारं पोरगं आपल्याच ओळखीचं, त्याची माय आपल्याच बचत गटात. तिच्याशी भांडण कसं घेऊ?

माझं भाषण तिथं मिळालं. तोवर मी वणीवाल्याचीच बाजू त्याच्यापेक्षा बऱ्या भाषेत मांडत होते, परवाना आणि महसूल आणि अमेरिकेतली १९२० ते १९३३ ची बंदी. अमेरिकेचं उदाहरण तर इतकं घासलेलं आहे की परीक्षक पेन खाली ठेवतात. आता मला बायांच्या बाजूनंच बंदीविरुद्ध बोलता येणार होतं. महाराष्ट्रात बायांच्या हातात एक हत्यार आधीपासून आहे, आडव्या बाटलीचं मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की त्या भागातलं परवान्याचं दुकान बंद. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागात तर १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला दारूबाबत निर्णयाचा अधिकार दिलाय, आणि तिथं मोहाची दारू देवाच्या पूजेत लागते की घर बुडवते हे त्या गावालाच ठरवू देणं शहाणपणाचं. जिल्हाभर सरसकट बंदी आली की ह्या सगळ्या निर्णयांची जागा एका मंत्रालयातल्या आदेशानं घेतली. गाव जागं होतं म्हणून बंदी आली, आणि बंदी आल्यावर गावाला वाटलं आता हे पोलिसांचं काम. माझ्या भाषणाचा कणा एवढाच.

पाठ करताना त्रास झाला. स्वतःच्या मताचं भाषण विसरलं तरी माणूस पुढे रेटून नेतो, कारण आत साठा असतो. इथं एक वाक्य निसटलं की खाली काहीच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वाक्य आधीच्याला का जोडलंय हे कळल्याशिवाय मला ते लक्षातच राहीना. यातच माझी बोलण्याची पद्धत सुधारली असं मला वाटतं, आवाजाचे चढउतार वगैरे नंतरचं.

स्पर्धेच्या दिवशी माझ्याआधी एका दुसऱ्या कॉलेजातली मुलगी अनुकूल बाजूनं बोलली. ती जवळजवळ माझं जुनं भाषण बोलली. पदर, कपाळ, रात्रीचा दरवाजा, रडणारं लेकरू. टाळ्याही तिथंच पडल्या जिथं मला पडायच्या. श्रोत्यांत बसून ते ऐकताना मला स्पष्ट दिसत होतं की दारू वाईट आहे हे ती सिद्ध करतेय, आणि त्याला सभागृहात कोणाचाच विरोध नाही. बंदीनं दारू कशी कमी होते, याकडे ती फिरकलीच नाही. खंडनाच्या दोन मिनिटांत मी तिला एवढंच म्हटलं की तुमच्या भाषणातली प्रत्येक गोष्ट मला मान्य आहे, आता बंदीबद्दल बोलूया.

निकाल सांगायचा तर जोडीदाराला दुसरा क्रमांक मिळाला, मला उत्तेजनार्थ. परमिट रूमवाल्याचा भाचा मजुरीच्या दिवसाचं गणित मांडत होता तेव्हा मागच्या रांगेतला एक प्राध्यापक डोळे पुसत होता. त्याचं श्रेय मी अजूनही मागते.

ह्या सगळ्यानं माझं मत बदललं का? लोक हाच प्रश्न विचारतात. नाही बदललं. मे २०२१ मध्ये सरकारनं चंद्रपूरची बंदी उठवली तेव्हा मी आईइतकीच चिडले. पण माझं चिडणं तिच्यापेक्षा वेगळं होतं. सरकारनं दिलेली कारणं, अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, अंमलबजावणी फसली, ही माझीच वाक्यं होती. ती खोटी आहेत असं मी म्हणू शकत नव्हते, मीच ती जुळवली होती. त्यामुळे मला नेमकं दिसलं की त्या कारणांवरून दुकानं उघडा हा निष्कर्ष निघतच नाही. निघालाच तर गावागावाला विचारा असा निघतो. ओळखीपाळखीत जे बंदीसमर्थक होते ते सरकारचे आकडेच खोटे ठरवण्यात अडकले आणि तिथंच हरले.

माझ्या मतातला काही भाग मात्र गळाला, आणि बरं झालं. बंदी म्हणजे दारू संपली असं मी आता म्हणत नाही. पिणाऱ्याला शत्रू मानत नाही. मजुरीच्या वाटेवरचं दुकान आणि सोळा वर्षांचं पोरगं, एवढ्या दोन गोष्टींवर माझं मत उभं आहे आणि तिथून ते सहसा हलत नाही.

या पद्धतीचे फार गोडवे गायले जातात तेही मला पटत नाहीत. स्पर्धा करून करून एक जात तयार होते जिला कुठल्याही बाजूनं बोलता येतं आणि त्याचाच अभिमान असतो. चहाच्या टपरीवर ते तुम्हाला दहा मिनिटांत काहीही पटवून देतील आणि अकराव्या मिनिटाला उलट. सरांच्या कागदाच्या अटीतून गेलेली माणसं अशी होत नाहीत असा माझा अनुभव आहे, कारण तिथं समोर एक खरा माणूस असतो आणि त्याची ‘हो’ मिळवावी लागते. नुसती बाजू बदलून दिली तर पोरं वाक्यं शिकतात.

आणि काही विषय या पद्धतीला द्यायचेच नसतात. आता मला कधीकधी शाळांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. एका ठिकाणी आठवी-नववीच्या मुलांना आंतरजातीय लग्नांवर अनुकूल-प्रतिकूल विषय दिला होता. वर्गात अशा घरातली मुलं होती. आपल्या आईवडिलांचं लग्न बरोबर की चूक यावर वर्गमित्रांनी मुद्दे काढायचे, आणि त्यानं खाली बसून ऐकायचं? मी मुख्याध्यापकांना विषय बदलायला सांगितला. थोडी कुरकुर झाली, पण ‘गृहपाठ बंद करावा’ असा ठरला. मग दुसरीच अडचण आली. गृहपाठ असावा असं बोलायला एकही पोरगं तयार होईना, आणि शेवटी वर्गशिक्षिका बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या.