पावसाआधी पुंटोचं अर्थिंग

रविवार, मे अखेर

वळीव येऊन गेला तरी उकाडा हटलेला नाही. एकदा जूनचा पाऊस लागला की कोल्हापुरात आठवडा आठवडा उघडीप मिळत नाही. गगनबावड्याकडे तर विचारायलाच नको. फियाटची पुंटो किंवा लिनिया गाडी बाळगणाऱ्याने त्याआधी एक सकाळ अर्थिंगला द्यावी, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनाला जोडणाऱ्या वायरींना. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळेच बघतात. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर पुढे कुठे कुठे जाते, हे मात्र सहसा कुणी बघत नाही.

या गाड्यांच्या डिझेल इंजिनाची मला फारशी काळजी वाटत नाही. १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. हेच इंजिन मारुतीने स्विफ्ट आणि डिझायरला डीडीआयएस म्हणून घातलं, टाटांनी व्हिस्टा आणि मान्झाला क्वाड्राजेट म्हणून. फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री थांबवली, तरी या इंजिनाचे पार्ट आजही गल्लोगल्ली मिळतात. जुना पार्ट हातात घेऊन दुकानात जावं एवढंच. टर्बोही बघून घ्यावा लागतो, कारण ७५ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) इंजिनाचा साधा आहे आणि ९० पीएसचा व्हेरिएबल, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

लोखंडी कामाचीही चिंता नाही. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लेथ आहे, प्रेस आहे, वेल्डिंग आहे. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश तिथे प्रेस मारून बसवून मिळतात. फक्त ते बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाकं हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. मग दोष बुशच्या कंपनीला दिला जातो.

पण बॉडी कंप्युटर, म्हणजे गाडीतली विजेची कामं सांभाळणारं मुख्य युनिट, काही उद्यमनगरात बनत नाही. मीटरचा संचही नाही. नवा मिळणं अवघड झालंय, आणि जुन्या गाडीतून काढलेला आणला तर तो आपल्या गाडीशी जुळवावा लागतो. म्हणून या गाडीत जपायचं ते विजेला आणि पाण्याला. कोणताही सेन्सर, कोणताही मोड्यूल विकत घेण्याआधी अर्थिंग तपासायचंच, हा नियम पाळला तर पुष्कळ पैसे वाचतात.

खराब अर्थिंगची लक्षणं फसवी असतात. स्टार्टर जड फिरतो आणि बॅटरी बदलली जाते. हेडलाइट लावल्यावर मीटरचे काटे हलतात. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा लागतो, दुसऱ्या दिवशी आपोआप जातो. कारण असं की गाडीतले सगळे कंट्रोल युनिट निगेटिव्हला शून्य धरून बाकीचं मोजतात. इंजिनाचं शून्य आणि बॉडीचं शून्य यांत एखाद्या व्होल्टचा फरक पडला, की सेन्सर चांगला असूनही त्याचं वाचन चुकतं, आणि स्कॅनरवर नाव त्या बिचाऱ्या सेन्सरचं येतं.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो, पण ओहमवर ठेवून मोजू नये. डिझेलचा स्टार्टर २०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. वाटेत ०.०१ ओहम जरी अडथळा असला तरी तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही, तो शून्य दाखवून मोकळा होतो. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना, डीसी व्होल्टवर. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच धरायचं, त्यावर बसवलेल्या क्लँपवर नाही, कारण खांब आणि क्लँप यांच्यामधला सांधाही तपासात यायला हवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, शर्टाच्या बाह्या आणि मीटरच्या वायरी बेल्टपासून लांब. दुसऱ्या माणसाने किल्ली मारायची आणि स्टार्टर फिरतानाचा आकडा वाचायचा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या पुढे गेला तर काम निघालं. मग लाल टोक बॉडीवर ठेवून पुन्हा तेच. बॉडीवर कमी आणि इंजिनावर जास्त आलं, तर दोष बॉडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्यात.

हा पट्टा खाली असतो, चाकांनी उडवलेला चिखल थेट त्याच्यावर. विणलेल्या तांब्याचा, उघडा. पाणी विणीत मुरतं, तांबं हिरवं पडतं, एकेक तार तुटत जाते. वरून बघितलं तर पट्टा जागेवर दिसतो, हाताने वाकवला की भुगा पडतो.

खात्री करायला जंपर केबल लावावी. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या धातूला. लगेच स्टार्टर चपळ फिरला तर पुढे काही शोधायची गरज नाही.

सोमवार रात्री

पट्टा बदलायचं साहित्य: ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल, त्याच मापाचे दोन टिन केलेले तांब्याचे लग (केबलच्या टोकांना बसवून बोल्टने आवळायचे), ८ मिलिमीटर भोकाचे, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), दातेरी वॉशर. वेल्डिंग केबल मी मुद्दाम सांगतोय. तिच्यात बारीक तारा भरपूर असतात, त्यामुळे ती लवचिक असते, आणि बाहेरचं रबर पाणी धरत नाही. आपल्या पावसाला विणलेल्या पट्ट्यापेक्षा ती चांगली. घेताना टोक खरवडून बघावं, कारण ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही सर्रास विकली जाते. तिचा इथे उपयोग नाही.

लग दाबायला हायड्रॉलिक क्रिंपर लागतो, तो इलेक्ट्रिकच्या दुकानात किंवा पॅनेल बनवणाऱ्यांकडे असतो. हातोडीने ठोकलेला लग आतून सैल राहतो. केबलची लांबी ताणून मोजू नये. इंजिन माउंटिंगवर डुलतं, किल्ली मारताना आणि बंद करताना तर जास्तच. केबलला तेवढी ढील हवी, पण ती ड्राइव्ह शाफ्टला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागता कामा नये.

किल्ली काढून दहा मिनिटं थांबायचं, मग आधी निगेटिव्ह सोडायचा. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायची. रंगावर बोल्ट आवळला तर करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जातो, आणि आटे गंजले की तक्रार पुन्हा सुरू. धातूला धातू कोरडा भिडवून आवळायचं, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेलीचा थर देऊन मग बसवलेला सांधा मला पटत नाही.

बॅटरी जोडल्यावर पॉवर विंडोची काच एका दाबात वर जात नसेल, तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवावं. ओडोमीटरचे आकडे सतत लुकलुकत असतील तर मामला वेगळा: गाडीतल्या एखाद्या युनिटची नोंद बॉडी कंप्युटरच्या नोंदीशी जुळत नाही. मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर, लॅपटॉप आणि योग्य केबल असेल तर प्रॉक्सी अलाइनमेंट, म्हणजे या नोंदी जुळवणं, घरी करता येतं. त्या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर भलतंच होऊन बसतं.

गुरुवार

पुंटोची डिकी. नंबर प्लेटचा दिवा जातो, मागचा वायपर थांबतो, डिकीचं लॉक उघडेनासं होतं. यांतलं काहीही झालं तर मोटार नाही, बल्ब नाही, आधी बिजागरीजवळची काळी रबरी नळी मागे सरकवून बघायची. प्रत्येक उघडझापीला वायरी एकाच जागी वाकतात आणि तिथेच तुटतात. कधी आवरण शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, म्हणून प्रत्येक वायर हलकेच ओढून बघावी.

तिथल्या तिथे सोल्डर मारू नये. सोल्डर वायरीत वर चढतं, ती जागा ताठ होते, आणि तिच्या कडेला वायर नव्याने तुटते. त्यापेक्षा सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घ्यावी, मूळ वायरीपेक्षा बारीक नको. वाकणारा भाग पूर्ण बदलून सांधे दोन्ही बाजूंना स्थिर जागी न्यावेत. सांधे क्रिंपचे, म्हणजे दाबून बसवलेले, वर हीट श्रिंक, आणि एकाशेजारी एक न येता पुढेमागे. एक वायर कापली की ती जोडूनच दुसरीला हात लावायचा. रंग मातीने झाकलेले असतात, गल्लत फार सहज होते.

वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढून पाणी जायची भोकंही साफ केली पाहिजेत. झाडाखाली उभ्या गाडीत पानांचा लगदा बसतो, पाणी तुंबतं आणि डॅशबोर्डच्या मागे उतरतं, फ्यूज आणि बॉडी कंप्युटरच्या दिशेने. छतावरच्या अँटेनाचं रबर कडक झालं असेल तर पाणी छताच्या कापडावर येतं. मगभर पाणी जाळीच्या जागी ओतून ते खाली रस्त्यावर पडतंय का, एवढं बघितलं तरी पुरे.

इथे सेकंडहँड पुंटो घेणाऱ्याने आणखी एक बघावं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी पुष्कळ गाड्यांत गेलं. धुऊन पुसून अशी गाडी चांगली दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा, पाण्याची रेषा तिथे राहते. पायाशी कार्पेट उचलून पत्र्याच्या खाचेत बारीक गाळ आहे का ते बघावं, आणि डॅशखालचा एखादा कनेक्टर सोडून पिना हिरव्या पडल्यात का तेही. पिना हिरव्या असतील तर इंजिन कितीही गोड चालू दे, सौदा सोडून द्यावा.