स्पॅनिश, आठवडा १३ : 'येवो' सापडलं

या आठवड्यात नवे शब्द मोजून अकरा. व्याकरणाचं पुस्तक उघडलंच नाही. तरी आठवडा कारणी लागला, कारण 'येवो' सापडलं.

झालं असं, की माझ्याशी सरावासाठी बोलणाऱ्या बोगोताच्या मैत्रिणीला मी ऐटीत सांगितलं, 'एस्तुदिए एस्पान्योल त्रेस मेसेस.' तीन महिने स्पॅनिश शिकले. तिचा चेहराच पडला. 'इ पोर के लो देहास्ते?' अगं, मग सोडलंस का?

सोडलं कुठे, तुझ्याशी बोलतेय ते काय आहे! पण चूक माझीच. 'एस्तुदिए' म्हणजे शिकून संपलं, विषय बंद. मराठीतही चालू असलेल्या गोष्टीला आपण 'तीन महिने शिकले' म्हणत नाही, 'तीन महिने झाले, शिकतेय' म्हणतो. हे 'झाले' स्पॅनिशमध्ये कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता.

तिनं दिलेलं उत्तर : 'येवो त्रेस मेसेस आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल.' 'येवो' हे 'येवार' क्रियापदाचं 'मी'चं रूप, आणि 'येवार' म्हणजे एरवी नेणे, सोबत बाळगणे. तीन महिने काखोटीला मारून अजून चालतेच आहे, असं चित्र मी डोळ्यांपुढे ठेवलं आणि ते पक्कं बसलं. आधी येवो, मग काळ, मग क्रियापदाचं '-आन्दो' किंवा '-इएन्दो' रूप. काळाच्या आधी 'पोर' (इंग्रजीतल्या 'फॉर'सारखा) नको. इंग्रजीच्या सवयीनं मी तो दोनदा घुसवला.

नकारासाठी 'सिन' आणि पुढे मूळ क्रियापद : 'येवो दोस दीआस सिन एस्तुदियार.' दोन दिवस झाले, अभ्यास नाही. माझा एकूण वकूब पाहता हेच वाक्य जास्त वापरात येणार.

भूतकाळात 'येवाबा' : 'येवाबा उन मेस आप्रेन्दिएन्दो', म्हणजे तेव्हा शिकायला लागून महिना झाला होता. 'येवे' या अर्थानं चालत नाही. ते संपलेल्या कामाचं रूप, आणि आपल्याला हवा असतो चालू कामातला मधलाच क्षण. पुन्हा 'एस्तुदिए'चाच घोळ.

ऐकताना एक सांभाळा. ब्वेनोस आयरेसच्या लोकांच्या तोंडी हेच 'शेवो' होतं; एका ध्वनिफितीत मी दहा मिनिटं हा कुठला नवा शब्द म्हणून शोधत बसले होते. मेक्सिकोत 'तेंगो त्रेस मेसेस आप्रेन्दिएन्दो' असंही कानावर येतं. आणि 'मी एर्मानो मे येवा दोस आन्योस' म्हणजे भाऊ मला दोन वर्षं कुठे नेत नाहीये, तो दोन वर्षांनी मोठा आहे!

अडलंय ते '-इएन्दो'च्या आडमुठ्या रूपांवर. 'झोपतेय' म्हणायला 'दोर्मिएन्दो' म्हटलं की मैत्रीण हसते आणि 'दुर्मिएन्दो' म्हणायला लावते. 'दिसिएन्दो', 'पिदिएन्दो', 'लेयेन्दो' रांगेत उभी आहेत. पुढचा आठवडा त्यांचा.